साठ चोरखिसे

४ एप्रिल
मिळालं! शाळेच्या साठ सदऱ्यांचं काम आम्हाला मिळालं! आम्ही सहा जणी, तळघरातली एक खोली, मागून आणलेली तीन मशिनं — त्यातलं एक कायम रुसलेलं. गाव सोडून आल्यापासून मदतीच्या रांगेत उभं राहून पाय झिजले, म्हणून आमचं आम्हीच काढलेलं हे दुकान. काम पसंत पडलं तर शाळेचं दरवर्षीचं आमच्याकडे. नाही तर मशिनं परत आणि आम्ही पुन्हा रांगेत.
मावशी आमच्यात सगळ्यात थोरली, अख्ख्या गल्लीची मावशी. माझी वाकडीतिकडी शिवण बघून म्हणते, "बैल मुतत गेला का गं इथून?"

९ एप्रिल
बेचाळीस झाले. बोटांची चाळण.

१२ एप्रिल
साठही पोचवले. शेवटचा हात मावशीनं एकटीनं फिरवला, कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

१४ एप्रिल
साठच्या साठ परत! मुख्याध्यापिका बाईंनी सदरा उलटा करून दाखवला. आत, काखेखाली, दोन बोटांचा चोरखिसा. सगळ्यांना! "हे काय?"
मी लगेच ओळखलं. गावात लढाई पेटली आणि तिकडून पळालो, तेव्हा मावशीनं गल्लीतल्या पोरांच्या कपड्यांना असेच खिसे शिवले होते. आत चिठ्ठी — पोराचं नाव, आईबापाचं नाव, फोन. चुकलंच पोर, तर कुणीतरी वाचेल.
"रुमालासाठी," म्हटलं मी. दुसरं काय सांगणार!
"नमुन्यात नव्हता. पाच दिवसांत काढा, नाहीतर काम दुसऱ्याला."

१५ एप्रिल
मावशीवर खेकसले. "तुझ्यापायी आम्ही उपाशी मरायचं का?"
"हात आपोआप गेला गं," एवढंच म्हणाली.
गल्लीतल्या सगळ्या पोरांचे खिसे शिवता शिवता तिच्या नातवाचा तेवढा राहून गेला होता. तो अजून सापडलेला नाही. हे ठाऊक असून मी बोलले. जीभ झडली असती तर बरं.

१८ एप्रिल
उसवतोय. मावशी भिंतीकडे तोंड करून बसलीय. उसवलेले खिसे मी एका डब्यात टाकतेय, फेकवत नाहीत.
बातम्यांत इथल्याही सीमेवर सैन्य जमल्याचं सांगतात. वाण्याला विचारलं तर हसला. "ते इथवर कुठले येतायत, ताई!" आमचा तिकडचा वाणीही हेच म्हणायचा.

१९ एप्रिल
पसंत! दरवर्षीचं काम आमचं! निघताना बाईंनी हळूच विचारलं, "खरं सांगा, कशासाठी होते ते?" सांगितलं. म्हणाल्या, "इथे त्याची गरज नाही पडायची."
मावशीला कळवलं. ती हसली नाही. मला मात्र पोटभर जेवण गेलं, त्याचीही लाज वाटतेय.

२ मे
बाई स्वतः तळघरात आल्या. हातात सदऱ्यांचा गठ्ठा. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.
"खिसे परत लावून द्याल? उद्यापर्यंत. आणि चिठ्ठीत काय काय लिहायचं, तेवढं सांगा."
मावशीनं उठून डबा काढला.