वाक्यात उपयोग

२ जून, सकाळी ७
आजपासून डायरी. हेतू: स्वतःला ओळखणे. आठवडाभरात आटपेल, कारण बरंचसं मला आधीच माहीत आहे. हेडक्लार्क महिनाअखेर रिटायर होतायत. खुर्ची माझीच. अठरा वर्षं रेकॉर्ड रूमची धूळ काही फुकट नाही खाल्ली.

३ जून
वेळ नाही.

५ जून, जेवणाची सुट्टी
मीटिंग झाली. साहेब सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, हे गृहस्थ नव्या नियमांबाबत पूर्णपणे अनभिज्ञ आहेत. मी नम्रपणे मान झुकवली. चष्मेवाली (माझी ज्युनिअर, मीच हाताला धरून शिकवली) टेबलाकडे बघत होती. जळते.
शब्द नवा, पण घराणं लगेच ओळखलं. सुज्ञ, तज्ज्ञ, सर्वज्ञ आणि त्यांच्याही वर अनभिज्ञ. शब्द जितका लांब तितका मान मोठा.

६ जून
बायकोला सांगितलं. तिनं तीनदा विचारलं, नक्की हेच म्हणाले का. मग म्हणाली, शब्दकोशात बघूया का एकदा. शब्दकोश कपाटाच्या आखूड पायाखाली आहे. काढला तर कपाट कलेल. शिवाय बारावी नापास बाईनं माझे शब्द तपासायचे नाहीत, हे स्पष्ट सांगितलं. बरं म्हणाली. मुलगी ऐकत होती. ऐकू दे, शिकेल.

९ जून
मुलीचा अभ्यास घेतला. पाचवीत आहे आणि एक शब्द अर्थ न कळताच ठोकून दिला होता. पान फाडलं, पुन्हा लिहायला लावलं. बजावलं, अर्थ माहीत नसताना शब्द वापरतो तो गाढव. हुंदके देत वीस वेळा लिहिलं. ज्ञानाची किंमत अशीच कळते.

१४ जून
चष्मेवालीनं नव्या नियमांचं पुस्तक आणून दिलं. सर, खुणा केल्यात, इंटरव्ह्यूआधी वाचा म्हणाली. हसू आलं. जे येतं त्याबद्दल साहेबांनी भर मीटिंगमध्ये सर्टिफिकेट दिलंय, ते पुन्हा काय वाचायचं? पुस्तकावर चहाचा कप ठेवला. उंची बरोबर आहे.

१९ जून
मुलीची वही बघितली. ‘वाक्यात उपयोग करा’ यात स्वतःच्या मनानं शब्द निवडायचा होता. तिनं लिहिलंय, माझे बाबा अनभिज्ञ आहेत. बाईंनी लाल शाईत शेरा दिलाय: अचूक. डोळे भरून आले. पान समोरच्यांना दाखवलं, वरच्या मजल्यावरही दाखवलं. सगळे फार हसतमुख आहेत.

२१ जून
दारावर पितळी पाटी लावली. माझं नाव, खाली ‘अनभिज्ञ’. पाटीवाल्यानं दोनदा विचारलं, हेच कोरू ना? म्हटलं, हेच, आणि कायमची बसव. त्यानं स्क्रूंची डोकी घासून टाकली. आता कुणाच्या बापाच्यानं निघणार नाही.

२६ जून
इंटरव्ह्यू. साहेबांनी विचारलं, स्वतःबद्दल काय सांगाल? म्हटलं, एका शब्दात सांगतो, तुमच्याच. सांगितला. शेजारच्या मॅडमना ठसका लागला. साहेब म्हणाले, प्रामाणिकपणा आवडला. काम झालं!

१ जुलै
यादी लागली. चष्मेवाली.
तिला गाठून विचारलं, कुणाचा वशिला? म्हणाली, सर, पुस्तक वाचलं. मग मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, सात जन्म घेतलेस तरी माझ्यासारखी अनभिज्ञ होणार नाहीस. सगळी रूम हसली, ती सोडून. हळूच म्हणाली, सर, तो शब्द घरी जाऊन बघा.

२ जुलै, सकाळी ६
शब्दकोश ओढून काढला. कपाट कललं.
अनभिज्ञ: न जाणणारा, अजाण.
दोनदा वाचलं. छापखान्याची चूक असेल म्हणून सुज्ञ बघितलं. ते बरोबर होतं.
पाटी काढायला गेलो. निघेना. दूधवाला येऊन उभा राहिला. मी काहीतरी पुसतोय असं दाखवलं.
बायकोला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, शंका होती, पण तुमचे शब्द मी तपासायचे नाहीत ना. आणि कपाटाखाली चौघडी केलेला पुठ्ठा सरकवला. कपाट सरळ झालं. अठरा वर्षांत मला सुचलं नाही.
मग मुलीला विचारलं, वाक्य लिहिताना तुला अर्थ माहीत होता? म्हणाली, हो, शाळेतल्या शब्दकोशात आधी बघितला, नाहीतर तुम्ही पान फाडलं असतं. म्हटलं, मग मला सांगितलं का नाहीस? दप्तर भरता भरता म्हणाली, मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.