झडतीचं यंत्र

११ जून १९५६, सोमवार

यंत्र आलं! लाकडी पेटी, तिच्यातून निघालेली जाड वायर, वायरीच्या टोकाला दांडा आणि दांड्याला पोळपाटाएवढी काळी थाळी. शिवाय कानाला लावायच्या दोन वाट्या. आमच्या मिलच्या पहाऱ्यावरचे मुख्य, सुभेदारसाहेब, लढाईत होते. त्यांनी हे चोरबाजारातून हुडकून आणलं. तिकडे याच यंत्रानं वाळूतले सुरुंग शोधायचे म्हणे. इथे सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यातल्या बायकांच्या कमरेतलं पितळ शोधायचं. जानेवारीपासून मिलमधलं पितळेचं सामान गायब होतंय, आणि वरच्यांना वाटतं, बायकाच नेतात.

महिनाअखेरीला मी लेखी द्यायचं – यंत्राचे गुण काय, दोष काय. यंत्र ठेवलं तर ते चालवायला मी कायम. परत गेलं तर "बघू". चार वर्षं झाली 'हे' जाऊन. टाइमकीपरची बायको म्हणून उपकार केल्यासारखी ही झडतीची जागा दिली, आणि अजून बघू!

गुण पहिला आजच कळला. अंगाला हात लावावा लागत नाही. रोज सव्वाशे घामट काखा चाचपायच्या आणि वर त्यांच्या शिव्या खायच्या. गुण दुसरा – कानात वाट्या असल्या की शिव्या ऐकू येत नाहीत.

१२ जून

यंत्र आपलं सारखं गुणगुणत असतं. धातू जवळ आला की सूर चढतो. आणि तो फक्त मला ऐकू येतो! समोरची बाई माझ्या तोंडाकडे बघत उभी राहते. मी नुसती भुवई उचलली की ती पदर झटकून दाखवायला लागते. हे मला फार आवडलं. खोटं कशाला लिहू.

आज काय काय वाजलं – किल्ल्या, अडकित्ते, जेवणाचे डबे, चोळीचे हूक, एकीच्या कनवटीला देवाचा टाक, पुतळाबाईच्या अंबाड्यातले सात आकडे. चोरीचं पितळ, शून्य.

१३ जून

चांदी वाजते, काच वाजत नाही. बांगड्या सुटल्या, जोडवी अडकली.

१४ जून

हुकूम झाला. अंगावरचं सगळं काढून ताटलीत ठेवायचं, मग यंत्र. जोडवीसुद्धा. सुजलेल्या बोटांतून निघत नाहीत म्हणून मी साबणाची वडी आणून ठेवली. पुतळाबाई ही खात्यातल्या बायकांची नायकीण, म्हणजे मुकादम; राहते आमच्याच चाळीत, तोंडानं फाटकी. म्हणाली, सवाष्णींची जोडवी उतरवतेस, तुझं भलं व्हायचं नाही. मी म्हटलं, माझं जे व्हायचं ते चार वर्षांपूर्वीच झालंय. पुढची ये.

माझ्या अंगावरून थाळी फिरवली तर एक सूर निघायचा नाही. कोरी करकरीत आहे मी.

१५ जून, शुक्रवार

आज चंपा वाजली.

सगळं काढलेलं. किल्ली नाही, डबा नाही, पाय मोकळे. तरी डाव्या कमरेवर, मागच्या अंगाला, सूर चढला. थाळी काढली, गेला. लावली, पुन्हा. तिला विचारलं, काय आहे? म्हणाली, काही नाही काकी. तोंड मात्र पांढरं पडलं. मागे रांग खोळंबली म्हणून सोडली.

चंपा आमच्याच चाळीतली, माझ्या खोलीपासून तिसरं दार. चाळीत जन्मली, चाळीतच दिली. नवरा महादेव शिवडीला गोदामात हमाल होता, आता छाती धरून घरी बसलाय. घर तिच्या मिलच्या तिकिटावर, म्हणजे नोकरीवर, चालतं. जानेवारीत जिन्यावरून पडली म्हणून दोन महिने गावी जाऊन आली, तेव्हापासून जरा पाय ओढते.

ही पण त्यांच्यातलीच. चाळीतल्या सगळ्याजणींतली. जानेवारीत लालबागला मराठी राज्यासाठीच्या मोर्च्यावर गोळीबार झाला तेव्हा माझा रामदास पोलिसात, ड्यूटीवर होता. त्यानं हवेत मारली. मला स्वतः सांगितलं. पण चाळीला कोण सांगणार! नळावर माझी घागर पायानं मागे सारतात. होळीला माझ्या उंबऱ्यावर राख टाकली. गोळीवाल्याची आई, हेच नाव पडलंय मला. पोरगा पोलीस लाइनीत राहायला गेला तो त्यामुळेच. आता यांनी रांगेत उभं राहावं, एकेकीनं, अनवाणी. मी काही उतत नाही. हुकमाचं पालन करते.

१६ जून

पुन्हा वाजली. तिथेच.

१९ जून

रोज वाजते. रोज तिथेच. पितळ असतं तर जागा बदलली असती. मी कुणाला बोलले नाही. अशी गोष्ट एकटीलाच ठाऊक असण्यात मजा आहे. तिला कळलंय की मला कळलंय. रांगेत शेवटी उभी राहते. मीही शेवटपर्यंत वाट बघते.

२३ जून, शनिवार, वटपौर्णिमा

आज यंत्राचा खरा दिवस. सगळ्या उपाशी. पाळी सुटली की भोईवाड्याच्या देवळातला वड गाठायची घाई. हातात सुताची गुंडी, नाकात नथी. मी म्हटलं, नथ वाजते. डोरलं वाजतं. ठेवा ताटलीत.

कुणी हललं नाही. मग मी सुभेदारसाहेबांना हाक मारायला तोंड उघडलं, तेव्हा पुतळाबाईनं पहिलं उतरवलं. त्यामागून सगळ्यांनी. ताटलीत मंगळसूत्रांचा काळा ढीग झाला. मी ताटली जरा हलवली. आपापलं शोधू देत! वटपौर्णिमेच्या दिवशी एकमेकींच्या नवऱ्यांचे मणी निवडत बसल्या. दोघी रडल्या. मी वाट्या कानाला लावून होते, मला काय ऐकू येणार.

चंपाला पडद्यामागे नेलं. लुगडं खाली घे म्हटलं. घेतलं. कमरेच्या मागे, डावीकडे, आवळ्याएवढा वण. वेडावाकडा शिवलेला.

तिनं माझे हात धरले. "गोळी आसा ती, काकी. जानेवारीतली. लिवू नकात."

मग भडाभडा सांगितलं. महादेव मोर्च्यात गेला होता, त्याला शोधायला म्हणून ही बाहेर पडली. इस्पितळात पोलीस नावं लिहून घेत होते म्हणून गेली नाही. कुठल्याशा वैद्यानं वरून शिवलं, गोळी आत राहिली. दंगलीत सापडलेल्यांना कामावरून काढायचं, अशी नोटीस मिलच्या दारावर तेव्हापासून आहेच. जखम म्हणजे पुरावा. मी लिहिलं की तिची नोकरी गेली, वर पोलीस.

मी म्हटलं, बघू. हा शब्द दुसऱ्याला म्हणताना किती गोड लागतो!

मग तिला म्हटलं, सोमवारपासून माझं पाणी तू भरायचं. सगळ्यांच्या देखत. माझी घागर सगळ्यांच्या आधी.

२४ जून, रविवार

रामदास जेवायला आला. बोंबलाची कढी केली होती, त्याच्या आवडीची. हल्ली तो बोलत नाही, म्हणून मीच बोलते. यंत्राचं सांगितलं, हसला नाही. चंपाचं सांगितलं. कुठं कुणाला बोलू नकोस, पण तिच्या कमरेत गोळी आहे, मी शोधून काढली.

"कुठल्या बाजूला?" म्हणाला.

पोलिसाचंच डोकं! मी म्हटलं, डाव्या, मागून. त्यानं ताटात हात धुतला आणि उठला. कढी तशीच. काय बिघडलं होतं कढीचं? मी चाखून पाहिली, चांगली होती.

२५ जून

चंपानं पाणी भरलं. माझी घागर पहिली.  मग पुतळाबाई तिच्या अंगावर धावली. गोळीवाल्याच्या आईची मोलकरीण झालीस का, म्हणून.  चंपानं घागर कमरेवर घेतली, उजव्या. मी गॅलरीत उभी राहून चहा प्यायले.

२७ जून

तिच्या दाराशी कुणीतरी खरकटं टाकलं. माझ्या नाही, तिच्या! पाच महिन्यांत पहिल्यांदा माझा उंबरा स्वच्छ.

२८ जून, गुरुवार

घात झाला. पितळ सापडलं. कचरा नेणाऱ्या कंत्राटदाराच्या गाडीत, मागच्या दारानं जात होतं. बायकांचा काही संबंध नाही. सुभेदारसाहेबांनी पेटीवर हात ठेवून म्हटलं, या तुमच्या यंत्रानं इतक्या दिवसांत एक चोर धरला नाही, परत करावं लागेल.

माझं यंत्र कुठून झालं? पण शब्द लागला. परत गेलं तर माझं कायम होणंही गेलं. पुन्हा काखा चाचपा, पुन्हा बघू.

२९ जून

चंपा पाण्याला आली नाही. अंगात ताप आहे, असं महादेव दारातून सांगून गेला. सगळ्यांच्या देखत माझी रिकामी घागर नळाखाली तशीच. मी खाली गेले, ती घेतली, वर आले. कुणी हसलं नाही, पण मी माना वळलेल्या पाहिल्या. काम मात्र चुकवलं नाही बाईनं, ताप अंगावर घेऊन मिलला आली. तिथे यायला बळ आहे!

३० जून, शनिवार

लेखी दिलं. तीनदा उतरवून काढलं, अक्षर सुरेख आलं.

दोष – पेटी जड. पावसात ओली झाली की उगाच ओरडते. जोडवं आणि चोरीचं पितळ यांतला फरक सांगत नाही, त्यामुळे खोळंबा. सर्वांत मोठा दोष, सूत पकडत नाही. बायका नेल्या तर सूत नेतात, चिंध्या नेतात, आणि कापसाला यंत्र बहिरं आहे. हे मी प्रामाणिकपणे लिहिलं.

गुण – अंगाला स्पर्श होत नाही. शिस्त बसते. धाक राहतो. आणि जे डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, तेही सांगतं. मांसात रुतलेलं लोखंडसुद्धा. उदाहरणार्थ, वायंडिंग खातं, तिकीट नंबर २१४. जानेवारीच्या दंगलीत सापडलेली असल्याचं तिनं स्वतः माझ्याजवळ कबूल केलं आहे.

हे वाक्य लिहिताना जरा थांबले होते. चहा केला, प्यायले, आणि लिहिलं. मला काय तिच्याशी वैर आहे? मला माझं बघायचं आहे. माझं बघायला दुसरं कोण बसलंय?

३ जुलै

पोलीस मिलमध्येच आले. चंपाला खात्यातून उठवून नेलं. पाय ओढत फाटकापर्यंत आली, माझ्यासमोर थांबली. ताटलीत जोडवी काढून ठेवायला वाकली, सवयीनं. मी म्हटलं, राहू दे. सुभेदारसाहेब म्हणाले, यंत्र राहणार. तुम्हीही राहणार.

तिकीट २१४ रद्द. नोटीस लागली.

४ जुलै

कायम झाले. कागद हातात आला. रामदासला निरोप धाडला, रविवारी ये, गोड करते.

८ जुलै, रविवार

शिरा केला. आला नाही.

१४ जुलै, शनिवार

चंपाला घरी आणलं. पोलिसांनी इस्पितळात नेऊन गोळी काढवली आणि सोडली, पण पाय धड नाही. महादेवनं आणि अजून दोघांनी उचलून जिना चढवला. ज्यांनी तिच्या दारात खरकटं टाकलं त्याच आता पेज घेऊन उभ्या! पुतळाबाई तर तिचे पाय चेपत बसली. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

संध्याकाळी मोर्चा काढणाऱ्या समितीची माणसं हार घेऊन आली. दार उघडं, सगळी चाळ गॅलरीत, म्हणून मलाही ऐकू येत होतं. गोळी घालणारा कोण ते पाहिलंस का, म्हणून विचारत होते. बिल्ल्याचा नंबर? चेहरा? ओळखीचा असेल तर नाव सांग, सभेत जाहीर करू, चौकशी मागू. पुतळाबाई म्हणाली, सांग गो, आता घाबरायचं काय राहिलंय तुझं?

मी माझ्या दाराची कडी धरून उभी होते. का, ते माहीत नाही. माझ्या पोरानं हवेत मारली होती.

चंपा म्हणाली, तोंड पाहिलं नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. शेवटी हार घालून निघून गेले.

मी आत येऊन भात टाकला.

१५ जुलै, रविवार

रामदास आला. जेवला नाही, बसला नाही. चंपाकडे गेला होता, तिनं पडल्या पडल्या पाणी दिलं, म्हणाला. मी म्हटलं, तिचं काय एवढं, तिनं तर तोंडसुद्धा पाहिलं नाही म्हणून सांगितलं.

"पाहिलं होतं. पाच हातांवर होती. मला नावानं हाक मारली."

मग?

"मागच्या बायका पळत होत्या. त्यांना सांगायला वळली – पळू नकात, आपलो रामदास आसा, तो मारूचो नाय. तेव्हा मारली."