सातवा ठोका

३ फेब्रुवारी
फ्लॅमेंको, म्हणजे माझं बूट आपटत करायचं स्पॅनिश नृत्य, बंद खोलीत गुदमरतंय, असं दिग्दर्शकबुवा म्हणाले. बावीस वर्षं मी त्याच खोलीत आहे — मला नाही कधी कळलं. आता ते त्याला मोकळं करणार: समकालीन नृत्य, व्हिडिओ, एक कवी आणि स्टेजवर खराखुरा कुंभार, चाकासकट. प्रयोगाचं नाव 'अ-सीमा'. मधली आडवी रेघ फार महत्त्वाची आहे म्हणे.

हो म्हणून आले. या वयात मुख्य भूमिका कोण देतंय!

४ फेब्रुवारी
बाबांना सांगितलं, म्हणजे पाटीवर लिहून दाखवलं. सुतारकामात, करवतीच्या मशीनपाशी जन्म गेला, त्यात कानही गेले. पण माझी सरावाची फळी त्यांनीच ठोकून दिलीय. मी नाचते तेव्हा तिच्या कडेला अनवाणी पाय टेकून बसतात आणि ठोके मोजतात. बारा ठोक्यांतला एक जरी हलका पडला तरी सुटका नाही. "सातवा कच्चा." रोज सातवाच! कधीकधी वाटतं, ती फळी चुलीत घालावी.

प्रयोगाला येणार आहेत. विंगेत बसतो म्हणाले, स्टेजच्या लाकडावर पाय टेकून.

११ फेब्रुवारी
गिटारवाल्याला काढलं. "फार सुरेल आहे तो." त्याच्या जागी कॉम्प्युटरमधून श्वास. कोणाचा, विचारलं. "आपल्या सगळ्यांचा." मला तर दमेकऱ्याचा वाटला.

१५ फेब्रुवारी
समकालीनवाली पोरगी गुणी आहे. दोन-दोन तास जमिनीवर लोळते, तक्रार नाही. आज मलाही लोळायला लावलं. उठवायला कुंभार आला.

१९ फेब्रुवारी
बूट गेले.

"टाच म्हणजे अहंकार," दिग्दर्शकबुवा. "अनवाणी ये. मातीला भेट." माती कुंभार घरी घेऊन गेला होता, तरी मी मान डोलावली. माझे ठोके आधीच रेकॉर्ड करून स्पीकरवर लावणार.

दिवेवाल्याने नंतर खरं काय ते सांगितलं. स्टेजवर अंथरलेली काळी मॅट दुसऱ्या संस्थेकडून मागून आणलीय, माझ्या बुटांच्या खिळ्यांनी तिच्यावर ओरखडे उठतील. एवढंच. अहंकार-बिहंकार काही नाही!

भांडायला हवं होतं. नाही भांडले. भूमिका हातची जाईल म्हणून घाबरले, सरळ आहे. पाटीवर यातलं काही लिहिलं नाही.

२७ फेब्रुवारी
पहिला प्रयोग. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. कवीने तीनदा वाकून नमस्कार केला, कविता एकच होती. पेपरातला समीक्षक येऊन स्पीकरचं कौतुक करून गेला.

विंगेत बाबा स्टुलावर. चपला शेजारी नीट जोडून ठेवलेल्या, दोन्ही तळपाय लाकडावर. मी घामाघूम होऊन समोर उभी राहिले.

"छान दिसत होतीस," म्हणाले. मग विचारलं, "नाच कधी आहे?"

पाटी घरी राहिली होती. बरं झालं. काय लिहिलं असतं?

२८ फेब्रुवारी
दुसरा आणि शेवटचा प्रयोग. बूट घालूनच गेले. मॅटचं वाटोळं झालं. यापुढे बोलावणार नाही, असं दिग्दर्शकबुवांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

विंगेत बाबा कालच्यासारखेच स्टुलावर, तळपाय लाकडावर. बाबा म्हणाले, "सातवा कच्चा."