बिनआढ्याचं जेवणघर

दुसरा महिना, शुद्ध पंचमी

कागदा, पुढं जो कुणी हे मला वाचून दाखवायला बसेल त्याला आधी सांग — चष्मा शोधू नकोस, तुझ्या कपाळावरच आहे. वाचता येणारी माणसं फार विसरतात. लिहून ठेवलं की डोकं रिकामं! मला एक अक्षर येत नाही, म्हणून सगळं ध्यानात ठेवावं लागतं. मी बोलते, शेजारचे गंग मास्तर लिहितात. मास्तर, हेही लिहा, गाळू नका.

तर — भिंती पुऱ्या झाल्या! माझी नात युनशी शहरात इमारतींचे नकाशे काढायची. ती आता गावात म्हाताऱ्यांसाठी जेवणघर बांधतेय. आणि कशाचं? मातीचं! मी लग्न होऊन आले तेव्हा सगळं गाव मातीचंच होतं. मग मातीची लाज वाटायला लागली, विटा आल्या. मग विटांची लाज. त्यांच्यावर पांढऱ्या फरशा, त्याही बाहेरून — न्हाणीघर उलटं करून ठेवल्यासारखं. मग निळ्या काचा. सरपंच फांगनं तर दारात दोन जाडजूड गोल खांब उभे केले, त्यांच्यावर काही टेकलेलंच नाही. आणि आता शहरातली पोरं येतात नि युनशीच्या भिंतीला, म्हशीला थोपटावं तसं थोपटतात.

माती तीच, आमच्याच पडक्या घरांची. माती ठोकायचा धुम्मस तेवढा यंत्राचा, आणि मातीत खडी नि जरासं सिमेंट. काय थर उमटलेत — तांबडा, पिवळा, राखाडी — सणाच्या तांदूळवडीसारखे! चाटून बघावंसं वाटलं. बघितलं. मातीच आहे.

शुद्ध नवमी

छताची शेवटची पट्टी बसली! बांबू चिरून, चिकटवून, दाबून केलेल्या लांबच लांब पट्ट्या, एकमेकींत विणलेल्या. उपडी टोपलीच. मध्ये एक खांब नाही. मान मोडेस्तोवर बघत राहिले.

शुद्ध एकादशी

घोटाळा झाला. टोपलीला आढं कुठलं असणार!

आमच्याकडं नुसत्या भिंतींनी घर होत नाही. छपराचं मधलं मोठं लाकूड, आढं, वर चढतं, त्याला लाल फडकं बांधतात, सुतार वर उभा राहून मंगल गाणी म्हणतो, वाफवलेले पाव खाली उधळतो, तेव्हा घर जन्मतं. युनशीनं हिशेबात वारा धरला, पाऊस धरला, भूकंपसुद्धा धरला, आणि हे राहिलं. मी तरी काय — टोपली बघून टाळ्या पिटत होते!

लौ सुतारांनी या खोऱ्यातली निम्मी आढी चढवलीत. ते म्हणाले, बिनआढ्याचा असतो तो डुकरांचा गोठा, आपण तिथं जेवणार नाही. झालं, सगळे म्हातारे त्यांच्यामागं. सरपंचांनी युनशीला बोलावून घेतलं. म्हणाले, या महिनाअखेरच्या पितरांच्या सणापर्यंत म्हातारे तिथं जेवायला बसले तर ठीक, नाही तर टोपली उतरवायची आणि कौलारू छप्पर घालायचं.

पोर जेवली नाही.

शुद्ध द्वादशी

मला सुचलं — एक लाकूड आणून मधोमध टांगावं, दोघांचं समाधान! युनशीला सांगितलं तर चवताळली. ज्यावर काही भार नाही असलं खोटं लाकूड ती लावणार नाही म्हणे. फांगच्या खांबांत नि त्या लाकडात मग फरक काय राहिला?

लौ भाऊजींकडं गेले. तेही चवताळले. बिनभाराच्या लाकडासमोर त्यांनी गायचं? जन्मात नाही!

वाटेत हसू आवरेना. दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि शब्द मात्र एकाच तोंडातले!

पौर्णिमा

लौ भाऊजींना मी जेवणघराकडं घेऊन गेले. जेवायला नाही, नावं ठेवायला चला म्हटलं. लगेच आले.

बांधकामाची परांची अजून उभी होती. या वयात भराभर वर चढले! बांबूवर टिचक्या मारल्या, सांधे चाचपले. युनशी खाली हाताची घडी घालून उभी.

"पोरी, यातली भार घेणारी कुठली?"

"सगळ्याच, आजोबा."

"एक मोडली तर?"

"बाकीच्या सावरून घेतात."

एकेक पट्टी चाचपत पार पलीकडच्या टोकाला गेले. मला वाटलं, अडकले वर! मग हळूच म्हणाले, "मग लाल फडकं कुठं बांधायचं?"

"तुम्ही सांगाल तिथं."

"एका ठिकाणी बांधलं तर बाकीच्या पट्ट्यांवर अन्याय होईल," म्हातारा वरून म्हणाला. "प्रत्येक घराला आपापलं आणायला सांगा."

वळचणीचं पाणी आढ्याला गेलं — आणि आढं नसताना!

वद्य प्रतिपदा

लाल कापड कुठं मिळेना. फांगच्या बायकोनं लग्नातली लाल रजई फाडली!

वद्य द्वितीया

काय दिवस होता! घराघरातून एकेक फडकं आलं, सगळी टोपली लाल झाली. लौ भाऊजी परांचीवर उभं राहून गायले. गाण्यात जिथं "आढं" येतं तिथं "आढी" म्हणाले, आणि खालून सगळे ओरडले, "शुभ होवो!" पाव उधळले, मी ओच्यात झेलले, एक मास्तरांच्या चष्म्यावर बसला. मग सगळे म्हातारे आत शिरले नि जेवायला बसले. वाटाण्याचा भात, बांबूच्या कोंबांचं कालवण. सरपंच तर वाढप्यांच्या पुढंपुढं करत होते. युनशी दारात उभी राहून रडत होती. मी म्हटलं, रड, पण वाटेतून बाजूला हो, वाफाळतं कालवण येतंय.

वद्य पंचमी

खालच्या नदीकाठच्या गावची माणसं येऊन गेली. त्यांना शाळेसाठी असंच सभागृह हवंय. युनशी हो म्हणाली, पण एका अटीवर. तिथल्या म्हाताऱ्यांशी बोलायला आजी बरोबर पाहिजे.

मी एक्याऐंशीची. हा डोंगर सोडून एक रात्र कुठं राहिले नाही. उद्या सकाळच्या बसनं निघतेय! कागदा, तू माझ्याबरोबर. लिहायला तिकडं कुणीतरी गाठीनच.

मास्तर, तोंड पाडू नका, लिहा. तिकडं भाजीत साखर घालतात म्हणे. तेव्हा दर आठवड्याच्या बसबरोबर खारवून वाळवलेली मोहरीची भाजी पाठवायची. सुनेच्या हातची नको, ती मिठाला फार जपते. तुमच्या हातची पाठवा.