पवना बी टाकेपर्यंत

आई, आज सकाळी तुझी पेटी उघडली आणि दिघीचा आपला माळच डोळ्यांपुढं आला बघ. पावसाळा लागला की तू त्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालायचीस. बाकीच्या माळावर गुरं बारमाही फिरायची. पवन्यासारखं गोडं गवत फुलायच्या आधीच ती ओरबाडायची आणि मागं उरायची नुसती टोचणारी कुसळी. आपल्या तुकड्यात मात्र पवना मांडीएवढा उभा असायचा.

तिकडं पिंपरीला कारखान्याच्या भिंती चढत होत्या त्या वर्षी पावसानं ओढ दिली. गाईच्या बरगड्या दिसायला लागल्या, दूध आटत चाललं, आणि धाकटा भाऊ तर त्याच दुधावर. आबा गाईला घेऊन कुंपणापाशी आले, तर तू वाटेत उभी. "पवना बी टाकू द्या, मंग सोडा."

"आन् तवर गाय मेली मंजी? बी चाटायचं व्हय?"

"मरत न्हाई. मी बघते."

कसली हट्टी होतीस गं! रोज बांधाबांधानं हिंडून डोक्यावर गवताचा भारा आणायचीस, मान आखडायची, पण कुंपण काही हललं नाही. बी झडलं तेव्हा कुंपणाची काटी तूच ओढून वाट केलीस आणि गाईच्या पाठीवर थाप मारलीस, "खा बाई पोटभर, आन् बी तुडव चांगलं." पुढच्या पावसात माळ असा फुटला की शेजारीण बघतच राहिली.

तू गेलीस आणि आबांनी माळ बंद केला तो केलाच. "तिनं राखलेला हाय," एवढंच म्हणायचे. गाय कुंपणापाशी हंबरायची, तर आबा उठून घरात जायचे. असे तीन-चार पावसाळे गेले. जुनं गवत आडवं पडून काळं झालं, त्याच्याखाली नवे कोंब घुसमटले, पवना विरळ झाला. शेवटी एकदा आबांनी ते कुजकं गवत हातानं बाजूला सारलं, खालचे पिवळे कोंब पाहिले आणि माझ्यासमोर ढसाढसा रडले. मग त्यांनीच गाय आत सोडली. मला तर रागच आला होता त्यांचा. एवढं साधं कळू नये माणसाला?

आणि मी शहाणी! तुझं हिरवं लुगडं जपायचं म्हणून इतकी वर्षं घडी मोडली नाही. आज उचललं तर घडीघडीवर विरलेलं. हा कागद काही तुला पोचायचा नाही, ठाऊक आहे मला. पण उरलंय तेवढं लुगडं नेसूनच लिहितेय, आई. गुडघ्यापाशी फाटलंय. फाटू दे.