होडी कुठे होती?

भिंगार, ४ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आत्यास सविताचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. दादा जाऊन वर्ष होत आलं. त्यांची विधानसभेतली भाषणं पुस्तकासाठी उतरवतेय. दुष्काळ असो, शाळा असो, वीज असो, शेवटी ते तुमच्या भंडारदऱ्याच्या पाण्यापलीकडच्या वाडीवर येतात. "बनुबाई अडली होती. काठावर वाट बघत गेली. त्या दिवशी होडी कुठे होती?" मंत्र्यांनी पहिल्याच वर्षी उत्तर दिलं होतं, की नावाडी अजिनाथ गैरहजर होता, त्याला कामावरून काढलं. त्यावर दादा काही बोललेले दिसत नाहीत. पुढे वाडीला रस्ता झाला, तरी दर अधिवेशनात तोच प्रश्न. वाचताना वाटतं, कोणीतरी मागे उभं राहून मलाच विचारतंय. तुम्हाला काही माहीत आहे का?

गुडघ्याला तेल लावता ना, की शेळ्यांमागे धावणं चालूच? माया आहे तशीच असू द्या.

तुमची सविता

---

१५ फेब्रुवारी

चि. सवितास कडूबाईचे पोटभर आशीर्वाद.

तेल लावते. शेळ्या इकनार न्हाई.

इचारलंस म्हनून सांगते. होडी तुझ्या बापानंच, गोरक्षानंच नेली हुती. पहिल्या निवडणुकीचा प्रचार, लांबच्या गावात सभा. अजिनाथ नको म्हनत हुता, बनुबाईचे दिवस भरलेत म्हनून. गोरक्ष म्हनला, तासाभरात येऊ. सभा लांबली. आलो तवा ती काठावर पडली हुती, पोटातलं बी गेलं हुतं. मी बी होडीत हुते. गोरक्षानं अजिनाथला गप राहा म्हनलं, तो आजपत्तूर गप हाय.

मंत्र्याचं उत्तर आलं तवा गोरक्ष हितं येऊन बसला, जेवला न्हाई. म्हनला, "कडू, कोनीतरी उठून माझं नाव घेईल म्हनून इचारतो." कोनी घेतलं न्हाई. त्यो बी घेऊ शकला न्हाई.

जपून राहा.

तुझी आत्या

---

भिंगार, ३ मार्च

तीर्थरूप आत्यास सविताचा नमस्कार, वि. वि.

तुमच्या गावी येऊन गेले, पण तुमच्या दारी यायचा धीर झाला नाही, रागावू नका. अजिनाथकाकांना सगळी भाषणं वाचून दाखवली आणि विचारलं, खरं काय ते छापू का. त्यांनी पाण्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "भर दुपारी पल्याडनं हाक येती, होडी आना म्हनून. वाटायचं, मला एकट्यालाच ऐकू येती. आमदारालाबी येत हुती म्हनायची." आणि म्हणाले, "छापा."

मी पुस्तकाच्या पहिल्याच पानावर हे सगळं लिहिलं आहे. तुम्हीही होडीत होता, हेही. ते खोडायचं असेल तर कळवा.

माझ्यावर लोभ राहील ना?

सविता

---

१२ मार्च

चि. सवितास आशीर्वाद.

खोडू नको.

रविवारी ये. अजिनाथचं घर माझ्यापासून चार घरं सोडून हाय. तीस वर्सं दारावरनं जाते, कदी आत गेले न्हाई. एकटीनं पाय उचलत न्हाई, तू संगं चल.

कडूबाई