सोन्याचा दात आणि आजोबांच्या थापा

डेल्फी, डोळ्यांसमोर आण बघू: तुझ्याएवढी एक मुलगी, पुढचा दात पडलेली आणि तू कालपासून बसली आहेस तशीच तोंड घट्ट मिटून बसलेली. ती म्हणजे मी, तुझी आजी.

ही चिठ्ठी तुझ्यासाठी ठेवून मी चर्चमध्ये आजच्या जेवणावळीचे मासे तळायला गेले आहे. शेगडीवर घेवड्याचं कालवण आहे, फडक्याखाली मक्याचा पाव. दोन्ही खा. संध्याकाळी तिथे तुला एकटीला गायचं आहे, आणि मिटल्या तोंडाने कुणाला गाता येत नाही.

पडलेल्या दाताच्या खाचेला जीभ लावली नाही, तर तिथे सोन्याचा दात येतो म्हणे! तुझ्या होबार्ट आजोबांना हे त्यांच्या आजोबांनी सांगितलं, आणि त्यांनी काल तुला. त्या घराण्याने जमीन घालवली, पण असली बडबड मात्र पिढ्यान्‌पिढ्या जपली. कान दुखला की त्यात तंबाखूचा धूर सोडा, चामखीळ आली की शेजारणीचं फडकं चोरून पुरा. अक्कल तेवढी कुणी मागे ठेवली नाही.

माझे वडीलही तसलेच. त्यांच्या शब्दावर मी कितीतरी दिवस जीभ आवरून धरली. आला तो साधा पांढरा दात, तोही वाकडा. वडील म्हणाले, "झोपेत लावली असशील जीभ!" थाप मोठ्यांची, आणि ती खोटी पडली की चूक पोराची.

मग मी त्यांच्या मांडीवर चढले, हनुवटी धरली आणि म्हटलं, "बाबा, तू आधी तोंड उघड. तुझे सोन्याचे कुठे आहेत ते बघू दे."